पुस्तकलेस वाचनाचा शहापूर-मुरबाड पॅटर्न

पहिलेपणाच्या बाबतीत मुरबाड तालुक्याचा हात कोणी धरू नये. 2016 च्या 8 मार्चला फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या आणि जगभरचे कॅमेरे गावात आले. त्याच वर्षी डिसेंबरात, नोटाबंदीच्या धुरळ्यात, धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. वडापाव खा, कार्ड घासा. पुढे रेंज रुसली, यंत्रं खणात गेली आणि रोकड गल्ल्यात परत आली, पण ते बघायला मंत्री थोडेच येणार?

या दोन प्रयोगांचा संकर होऊन आता तिसरा जन्माला आला आहे: पुस्तकलेस वाचन. यात शेजारचं शहापूरही कंबर कसून उतरलं आहे.

मुळात आम्हा शहापूरकरांना हा प्रकार परका नाहीच. भातसा, तानसा, वैतरणा इथली. पाणी पिते मुंबई, आणि मार्च उजाडला की धरणाकाठच्या गावात हंडे घेऊन टँकरची वाट बघायची. पुस्तकांचंही तेच. प्रकाशन तिकडे, परिसंवाद तिकडे, चाळीस टक्के सवलतीचं प्रदर्शन तिकडे. आमच्याकडे मोबाइलवरून सारांशाचा टँकर येतो. तोही बिनपैशाचा. मग तक्रार कसली?

आसनगावहून गाडी पकडणारा चाकरमानी जाऊन-येऊन चारेक तास डब्यात काढतो. पूर्वी भजनी मंडळाचे टाळ आणि सुटकेसवरचा पत्त्यांचा डाव यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एखादा गृहस्थ कादंबरीत नाक खुपसून उभा असायचा. कल्याण आलं की गर्दीच्या रेट्यात पान दुमडायचा. आता तोच गृहस्थ कानात बोंडं घालून ‘वाचतो’. परवा एकाला विचारलं, ‘‘मृत्युंजय वाचलंत का हो?’’

‘‘वाचलं म्हणजे? तिघांकडून ऐकलं!’’

त्या कादंबरीत कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही आपापली बाजू मांडतात. याला एकटा कर्ण भेटला होता, कारण उरलेल्या पाचांच्या वेळी डोंबिवलीला जाहिरात लागली.

हे झाले ऐकणारे. ऐकवणारे त्यांच्याही वरताण. आमच्या आळीतल्या एका तरुणाचा पुस्तक-परीक्षणाचा चॅनल आहे. पुस्तक घरपोच येतं, पण त्यावरचं प्लास्टिक तो काढत नाही. प्लास्टिक शाबूत असलं की परत पाठवताना कटकट होत नाही. मात्र ते गोल दिव्याच्या उजेडात चमकतं आणि नाव दिसत नाही, म्हणून पुस्तक जरा तिरकं, बाळंतिणीनं मूल धरावं तसं हातावर घ्यावं लागतं. मागे माहुली किल्ल्याचे सुळके. पुस्तक स्वयंपाकाचं असलं तरी मागे माहुलीच. किल्ला दिसला की माणसं थांबतात, असं त्याचं निरीक्षण आहे. पहिली दोन मिनिटं ‘नमस्कार मित्रांनो’ आणि घंटी दाबण्याची विनंती. मग मुखपृष्ठ, कागदाची जाडी, किंमत. शेवटी निकाल: ‘‘हे पुस्तक तुमचं आयुष्य बदलून टाकेल.’’ त्याचं स्वतःचं आयुष्य गेल्या दिवाळीपासून दर रविवारी बदलतं आहे. बारावीचं गणित तेवढं अजून जागचं हललेलं नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. सरकारनंच रस्ता दाखवला. 2024 च्या महावाचन उत्सवात तिसरी ते बारावीच्या मुलांनी पुस्तक वाचून 150 ते 200 शब्दांत मत लिहायचं आणि ते पोर्टलवर चढवायचं होतं. शिवाय पुस्तकाचा सारांश सांगणारी एका मिनिटाची चित्रफीत किंवा ध्वनिफीत. हेतू सोन्यासारखा, यात वाद नाही. पण समजा एखाद्या पोरानं ‘श्यामची आई’ निवडलं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिलं, तरी आत भरल्या 42 रात्री! एका मिनिटाच्या हिशेबानं एका रात्रीच्या वाट्याला दीड सेकंदही येत नाही. तेवढ्यात श्यामचे तळवे ओले होतील, पण ते आईनं पुसायचे कधी? गुरुजींना तुरुंगात रेंज नव्हती म्हणून इतका पाल्हाळ झाला, असं आमच्या तरुण परीक्षकांचं मत आहे. शेवटी पोर्टल उघडेपर्यंत शाळेतल्या मास्तरांची अख्खी कादंबरी वाचून व्हायची, तो लाभ वेगळा.

या सगळ्यात फांगण्याच्या आज्यांची मात्र पंचाईत आहे. अक्षराला बोट लावायचं, काना ओढायचा, मात्रा चाचपायची, ओळ संपली की पदर सारखा करून पुढच्या ओळीला हात घालायचा, असला हा कारभार. आजी शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत बघणारा अंगठ्यानं पुढे सरकून गोव्याला पोचलेला असतो. त्यांना कोणीतरी वेळीच सांगायला हवं की बायांनो, लिहिता-वाचता येणं हा आता जुना व्यवसाय झाला; दिव्यासमोर बसा आणि मुखपृष्ठावर बोला.

राहता राहिली गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याची ही लेकरं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसून अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून असतात. त्यांच्यासाठी ‘ड’च्या खाली आता ‘ई’ वर्ग काढावा, अशी माझी नम्र सूचना आहे. अट एकच: ग्रंथ नसले तरी चालतील, कपाट मात्र फोटोत भरलेलं दिसावं. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी दाखलखारिज नोंदवही मागू नये, चॅनल उघडून बघावा. वाचकांची वर्गणी बंद करून तासाच्या भाड्यानं पुस्तकं द्यावीत. लाल कापडी बांधणीच्या जुन्या ग्रंथांना दीडपट दर, कारण ते कॅमेऱ्यात विद्वान दिसतात.

काही ठिकाणी अंमलबजावणी आधीच सुरू झाली असावी. एक निवृत्त काका पिशवी घेऊन पुस्तक बदलायला गेले, तर ग्रंथपाल म्हणाले, ‘‘ते आता नाही मिळायचं काका, शूटिंगला गेलंय.’’

‘‘परत कधी येईल?’’

‘‘व्ह्यूज आले की.’’