फी वेळेत भरावी

बदलापुरात घर घेताना माणूस बिल्डरला सगळं विचारतो. पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, उल्हास नदी पावसाळ्यात कुठवर येते आणि स्टेशन ‘पाच मिनिटांवर’ म्हणजे नेमकं कुणाच्या पायांनी. विद्यापीठ कोणतं, हे मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक करारनाम्यावर सही होते तेव्हाच ते ठरलेलं असतं. ठाणे जिल्ह्यातलं कॉलेज म्हटलं की मुंबई विद्यापीठ. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्या पदरात आहेत. बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटर लांब पडतं, अशी तक्रार करायचीही सोय नाही. सावंतवाडीची मुलं सुमारे पाचशे किलोमीटरवरून त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात आणि त्यांना तर लोकलही नाही.

हे सगळं न्यू जर्सीतल्या मावसभावाला फोनवर समजावणं अवघड गेलं. त्याचा मुलगा आणि आमची मुलगी एकाच वर्षी बारावी झाली. तो मुलाला घेऊन निरनिराळ्या सरकारी विद्यापीठांत फिरला, तिथल्या खाणावळीत जेवला, ग्रंथालयाच्या खुर्च्यांवर बसला आणि मग एक प्रश्नावली तयार केली. ती त्याने मोठ्या मायेने आम्हाला पाठवली. परिसर कसा आहे? वर्गात मुलं किती? सल्लागार भेटतात का? आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत : हे विद्यापीठ आपल्या मुलीला मानवेल का?

प्रश्न चांगला होता. फक्त आमच्याकडे तो कुणी विचारत नाही. महावितरणची वीज आपल्या स्वभावाला मानवेल का, असं मीटर बसवताना आम्ही विचारलं नव्हतं.

पर्याय अगदीच नाहीत असं नाही. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये स्थापन केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, पण त्यासाठी चर्चगेट किंवा जुहू गाठायला हवं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, पण ‘घरी बसून शिकते’ हे वाक्य आमच्या सोसायटीत ‘घरी बसते’ एवढंच ऐकू येतं. कर्जतहून घाट चढून लोणावळ्याला गेलं की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द लागते, पण बीकॉमसाठी घाट चढण्याची आमच्या घराण्यात परंपरा नाही. आणि खासगी विद्यापीठं आहेत. त्यांची माहितीपुस्तिका इतक्या गुळगुळीत कागदावर असते की शेवटच्या पानावरचा फीचा आकडा हातातून निसटतोच.

म्हणजे मुंबई विद्यापीठच. तर त्याची पारख करायला बसलो. 1857 साली स्थापना. 1862 मध्ये महादेव गोविंद रानडे इथून बीए झाले. 2021 मध्ये नॅकने ए प्लस प्लस श्रेणी दिली, गुण 3.65. फोर्टमध्ये 1878 साली बांधून झालेला राजाबाई टॉवर आहे. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. टॉवरवर भलंमोठं घड्याळ आहे. वेळेशी विद्यापीठाचा अधिकृत संबंध तेवढाच.

कारण निकालाचंही वेळापत्रक असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 म्हणतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावावा. कायदा लागू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे 2017 साली, विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका सुमारे 17 लाख. राज्यपालांनी 31 जुलै ही शेवटची तारीख दिली. ती आली आणि गेली. गणपती आले आणि गेले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं. पुढच्या प्रवेशाला, नोकरीला, परदेशाला निघालेली मुलं तोवर ‘निकाल यायचाय’ असं सांगत बसली होती. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा त्या वर्षी पदवीधर होता की नव्हता, हे त्याच्या आईला हळदीकुंकवाला सांगता येईना.

पुढे सुधारणा झाली. निकाल लागायला लागले, पदव्याही छापून मिळायला लागल्या. जानेवारी 2025 मध्ये असं आढळलं की त्या वर्षीच्या पदवी प्रमाणपत्रांवरच्या बोधचिन्हात इंग्रजी ‘मुंबई’मध्ये एक ‘ए’ जास्तीचा पडला आहे. विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त करून प्रमाणपत्रं दुरुस्त करून देण्याचं मान्य केलं. मी तरी याला दोष मानत नाही. आजवर विद्यापीठाने मागितल्यापेक्षा काही जास्त दिल्याची नोंद नव्हती.

आता परिसर. विद्यापीठाचा परिसर कलिन्याला, झाडाझुडपांचा, ऐसपैस. बदलापूरच्या मुलाने तो पाहायचा म्हणजे कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला यायचं आणि तिथून बस किंवा रिक्षा धरायची. पण संलग्न कॉलेजात शिकणाऱ्या बहुतेक मुलांना विद्यापीठ दिसतं ते कधी एखादा दाखला अडला तरच. मावसभावाच्या प्रश्नावलीत ‘परिसर’ या रकान्यात मी लिहिलं, ‘दर्शन नवसाने’.

विद्यापीठ एकच म्हटल्यावर निवडायचं काय, तर स्टेशन. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुलुंड, माटुंगा : पदवीवर विद्यापीठाचं नाव तेच, पण सीएसएमटीच्या दिशेने एकेक स्टेशन पुढे जावं तशी नातेवाइकांच्या भुवयांची उंची वाढते. बदलापुरातच ‘आदर्शला आहे’ म्हटलं की ‘जवळच आहे, बरंय’ म्हणतात. उल्हासनगरचं सीएचएम किंवा तलरेजा म्हटलं की ‘अरे वा’. कल्याणचं बिर्ला म्हटलं की बसायला सांगतात. माटुंग्याचं रुईया म्हटलं की चहा ठेवतात. मुलगी तिथे रोज उभ्याने जाऊन उभ्याने येणार आहे, हे चहात येत नाही.

उल्हासनगर मला पटलं होतं. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिलेल्या सिंधी माणसांनी ज्या जिद्दीने कॉलेजं काढली, त्यांवर बदलापूर-अंबरनाथच्या कितीतरी मुलांनी आपापली घरं उभी केली आहेत. तिथे सिंधी भाषक अल्पसंख्याकांसाठी जागा राखीव असतात आणि ते रास्तच आहे. फक्त उरलेल्या जागांच्या यादीत आपलं नाव शोधताना माणसाला सिंधी शिकावंसं वाटतं. शिवाय अंतर दोनच स्टेशनांचं.

दोनच स्टेशनं हा मात्र अंतराचा नव्हे, वादाचा विषय आहे. कल्याणच्या पुढे फास्ट आणि स्लो हा फरक इंडिकेटरपुरता असतो; इथे गाडी सगळीकडे थांबते. तरी सकाळी बदलापूरहून फास्टमध्ये चढून उल्हासनगरला उतरू पाहणाऱ्या मुलीला दारातल्या बायका विचारतात, ‘दोन स्टेशनांसाठी फास्ट कशाला गं?’ तिने आत जाऊ नये, कारण मग उतरता येत नाही. दारात थांबू नये, कारण अंबरनाथला चढणाऱ्या बायका तिला आत ढकलतात. म्हणून तिने दारात राहून आत असल्यासारखं उभं राहायचं असतं. हे तंत्र कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ऑगस्ट 2022 मध्ये नेहमीच्या लोकलच्या जागी एसी लोकल आली तेव्हा बदलापूरकरांनी स्टेशनवर आंदोलन केलं आणि रेल्वेने माघार घेतली. गाडीसाठी आम्ही आंदोलन करतो. निकालासाठी रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो.

प्रवेशाची रीत सोपी आहे. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. त्यात नाव, जात, उत्पन्न, दहावी-बारावीचे गुण, फोटो, सही असं सगळं द्यायचं. मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म भरायचा आणि त्यात नाव, जात, उत्पन्न, गुण, फोटो, सही असं सगळं द्यायचं. मग कॉलेजात जाऊन त्याच सगळ्याच्या झेरॉक्स द्यायच्या, दोन संच, स्वतःच सही करून. आपणच आपल्याला ओळखतो असं लिहून द्यायची ही पद्धत मला आवडते.

खरं कार्यालय फाटकाबाहेर असतं. एका कॉलेजाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने मुलीची फाइल उघडली, अंगठ्याने कागद सरकवले आणि मान वर न करता सांगितलं, ‘लिव्हिंगची ओरिजिनल आतल्या बाजूला ठेवा. इन्कम मागच्या वर्षीचा आहे, चालणार नाही. आणि गॅप नसली तरी गॅपचं हमीपत्र लावा, मॅडम मागतात.’ आत खिडकीवर मॅडमनी गॅपचं हमीपत्र मागितलं. ‘गॅप नाहीये,’ मुलगी म्हणाली. ‘तेच लिहून द्यायचं असतं,’ मॅडम म्हणाल्या. मावसभावाच्या ‘सल्लागार भेटतात का’ या प्रश्नापुढे मी झेरॉक्सवाल्याचा उल्लेख केला आहे. पानाला दोन रुपये, सल्ला मोफत.

त्यानेच पुढचा प्रश्न विचारला होता : ‘एडेड की सेल्फ फायनान्स?’ एकच इमारत, एकच फाटक, एकच कॅन्टीन. पण साधं बीकॉम अनुदानित, त्याची फी किरकोळ. ‘अकाउंटिंग अँड फायनान्स’ विनाअनुदानित, त्याची फी कितीतरी पट. अनुदानित वर्गाला सरकार प्राध्यापक देतं. म्हणजे पद देतं, माणूस पुढे कधीतरी. तोवर तासिका तत्त्वावरचे सर येतात, ते तीन कॉलेजांत शिकवतात आणि मुलांच्याच लोकलने धावत येतात. दारात आत असल्यासारखं उभं राहण्यात त्यांनी बहुधा डॉक्टरेट केली असावी.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नये, हेही कळलं. 2024 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या अखत्यारीत घेतले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. मुलं परीक्षेला बिचकली. तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं ‘बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज’ करून टाकलं. तोच वर्ग, तेच बाक, सीईटी नाही. व्यवस्थापनाचा पहिला धडा प्रवेशाआधीच शिकवून झाला.

त्यात नवं शैक्षणिक धोरण आलं. आता विषय नसतात. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी असतात. पहिल्या वर्षानंतर 44 श्रेयांकांवर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर 88 वर पदविका, तिसऱ्यानंतर 132 वर पदवी, चौथ्यानंतर 176 वर ऑनर्स, अटी लागू. बाहेर पडण्याची एवढी दारं एकाही लोकलला नाहीत. मुलीने ओपन इलेक्टिव्हमध्ये काय हवं ते लिहून दिलं. नंतर कळलं की ‘ओपन’ याचा अर्थ ज्या विषयाला शिक्षक आहे तो.

खिडकीवर उभं राहून फी भरताना आपण काही निवडतोय असं वाटलं नाही. पण हिशेब मांडला तर निवड चोख आहे. खासगी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या फीत इथे तिन्ही वर्षं होऊन वर पासाचे पैसे सुटतात. पदवीला कुणी नाक मुरडत नाही. प्रवेशाला देणगी विचारली गेली नाही. स्टेशनवर पोळीभाजी विकणाऱ्या बाईंची मुलगी आणि आमची मुलगी एकाच बाकावर बसतात आणि दोघींना एकच मॅडम गॅपचं हमीपत्र मागतात. फी कमी आहे ती अशी : थोडी रुपयांत घेतात, उरलेली तासांत. रांगेत, दारात, संकेतस्थळ उघडण्याची वाट बघण्यात, ‘उद्या या’मध्ये. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते पैसे देतात. आमच्यासारख्यांनी तास द्यायचे. त्याला हप्त्यांची सोयही आहे, तीन वर्षं रोज.

मावसभावाला उत्तर पाठवलं : मानवेल. आधी तिने विद्यापीठाला मानवायला हवं, त्याची तयारी चालू आहे. त्याने लगेच अंगठा पाठवला.

मुलीने फीची पावती आणून दिली. शिकवणी शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, नियतकालिक, सगळं रुपयांत, रकान्यात. तासांचा रकाना कुठे दिसला नाही. माझ्या ऑफिसात विचारलं तर अकाउंट्सवाल्याने सांगितलं की जुनी करप्रणाली ठेवली असेल तर 80सीमध्ये फक्त शिकवणी शुल्क चालतं. बाकीचं आपल्याकडून.