अंदमानात दाखल झालेले तात्या

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात वर्तमानपत्रात एक मथळा ठरलेला असतो : 'मान्सून अंदमानात दाखल'. बाकीचा महाराष्ट्र तो वाचून पान उलटतो. शिरूर-दौंडकडचे तात्या मात्र तो पारावर मोठ्यानं वाचतात, चष्मा पुसतात आणि निकाल देतात, "म्हंजे आपल्याकडं पंधरा-अठरा दिवस. लई तर वीस."

हे तात्या न्हावऱ्यात आहेत, पारगावात आहेत, केडगावात आहेत. चौफुल्याला चहाच्या टपरीवर तर एका वेळी दोघे भेटतात आणि मग पाऊस राहतो बाजूला. वय साठीच्या पुढं, दोन-तीन एकर ऊस, बाकीची बाजरी नशिबावर. एका खिशात पंचांगातलं फाडलेलं पान, दुसऱ्यात मोबाईल. रोहिणीचं वाहन म्हैस आहे की बेडूक हे तोंडपाठ, आणि पंजाबराव डखांचा पावसाच्या अंदाजाचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय डोळ्याला डोळा नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर खातं चुकलं. तात्यांचा चुकला तर वारं फिरलं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. इथं पाऊस पडतो कमी आणि बोलला जातो जास्त.

अशाच एका तात्यांना २०२५च्या मेमध्ये मुलानं यात्रा कंपनीबरोबर अंदमानला धाडलं. सोबत काकू. मेअखेरीस तिथली गर्दी ओसरते, दर उतरतात, हा मुलाचा हिशेब. तात्यांचा हिशेब निराळा. "अष्टविनायक झालं, काशी झाली. आता ह्यो पाऊस निघतो कुठनं ते एकदा बगून येतो," असं पारावर जाहीर करून ते निघाले. जणू पावसाकडं कुणाचीतरी उधारी राहिली होती आणि वसुलीला तात्यांची नेमणूक झाली होती.

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला सावरकरांचं नाव आहे, त्यामुळं तात्या विमानातून छाती काढून उतरले. चार पावलांत छाती आत गेली. आपल्याकडचा उन्हाळा ४२ अंशांचा असला तरी कोरडा. घाम आला तसा वाळतो. सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उरतात. तिथं पारा ३१-३२च्या आसपास, पण हवेतच पाणी इतकं भरलेलं की अंगावरचा घाम उचलायला ती तयार नाही. तात्यांनी रात्री सदरा पिळून दोरीवर टाकला. सकाळी तो रात्रीपेक्षा ओला. काकूंचा भाजक्या पोह्यांचा चिवडा पहिल्याच दिवशी सादळला, शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा झाला. जी टोपी फक्त अंघोळीला आणि न्हाव्यापुढं उतरते, ती तात्यांनी भर रस्त्यात काढली.

"ह्यो उकाडा न्हाई," ते म्हणाले. "मटकीवानी मोड येतील ह्यात माणसाला."

मग साडेपाचचा चहा समोर आला आणि बाहेर सूर्य बुडायला टेकला. तात्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. दौंडहून पोर्ट ब्लेअर रेखांशानं १८ अंश पूर्वेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं सव्वा तास पुढं. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. "संध्याकाळ झालीच न्हाई, एकदम रात्र!" ही तक्रार त्यांनी परत येईपर्यंत सोडली नाही.

शहराचं नाव २०२४च्या सप्टेंबरात 'श्रीविजयपुरम' झालं, असं गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात तो पोर्ट ब्लेअर म्हणाला. तात्यांना नवल वाटलं नाही. अहिल्यानगरच्या एसटीत बसताना तेही अजून "नगर का?" असंच विचारतात.

सेल्युलर जेलमध्ये तात्यांनी कुणी न सांगता चपला बाहेर काढल्या. १९११ ते १९२१ सावरकर इथं होते, ही माहिती मार्गदर्शक सांगत होता; तात्यांचं लक्ष कोलूवर. माणसाला जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, हे ऐकून त्यांनी त्या दांड्याला हात लावून पाहिला. घाणा त्यांनी लहानपणी पाहिलेला; बैलसुद्धा कसा दमतो ते ठाऊक. पुढचा तासभर त्यांनी पावसाचं नाव काढलं नाही.

गाडीत बसल्यावर गाडी मूळ पदावर आली.

"इधर जमीन एकरी क्या भाव पडती?"

ड्रायव्हर हसला.

"और ये बारिश का पानी सब जाता किधर?"

"समुंदर में, और कहाँ?"

तात्यांनी कपाळाला हात लावला. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे आपल्या सहापट, आणि बहुतेक सगळं खाऱ्या पाण्यात! त्यावर ड्रायव्हरनं सांगितलं की, शहराची भिस्त धनीखाडी धरणावर, आणि ते उन्हाळ्यात आटलं की नळाला पाणी रोज येत नाही. तात्यांचा चेहरा प्रवासात पहिल्यांदाच उजळला. "म्हंजे हितंबी आपल्यावानीच!" पाऊस पडून भागत नाही, अडवावा लागतो, हा शोध त्यांनी त्या रात्री काकूंना तीनदा सांगितला. शिरूरपासून तासाभराच्या वाटेवर राळेगणसिद्धी आहे. तिथं हेच फुकट कळलं असतं, पण विमानानं जाऊन आणलेल्या ज्ञानाला पारावर भाव येतो.

२५ मेला मुलाचा फोन आला. "तात्या, दौंड-बारामतीकडं नुसता कोसळतोय. वढ्यांना पूर आलाय!" दुसऱ्या दिवशी मान्सून पुण्यात दाखल झाल्याचं जाहीर झालं. एरवीची तारीख १० जून. ज्याला गाठायला तात्या अंदमानात गेले, तो त्यांच्या घरी जाऊन बसला होता. तात्या पलंगावर ओला सदरा घालून बराच वेळ गप्प.

परतल्यावर पारावर कुणी तरी खवचटपणे विचारलंच. तात्यांनी चष्मा पुसला. "आरं, म्या तिकडं जाऊन बोललो म्हणून तर लवकर आला!" आणि वर सल्ला दिला : लागा पेरणीला.

तो पाऊस मेअखेरीस थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकला नाही. तेव्हा यंदाही तुमच्या पारावरचे तात्या मे महिन्यात काही म्हणाले, तर चहा जरूर पाजा, ऐकूनही घ्या. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय बाजरीच्या पिशवीचं तोंड उघडू नका.