अस्वलाचं स्किनकेअर

आधी फिनॉक्सीइथेनॉल कुठे आहे ते बघायचं. बाटलीवर पुढच्या बाजूला काय लिहिलंय, कोण नटी गालाला बोट लावून हसतेय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. बाटली उलटी धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि बारीक अक्षरांच्या यादीत हे एक टिकाऊपणासाठीचं रसायन शोधायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, पण १ टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने मांडायची मुभा आहे. आणि फिनॉक्सीइथेनॉल कोरियात काय, युरोपात काय, १ टक्क्याच्या वर घालताच येत नाही. म्हणजे यादीत त्याच्या पलीकडे जे जे बसलंय, त्याची ऐपत फार तर १ टक्का. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत ज्या जिनसेंगचा उदोउदो चाललेला असतो, ते पुष्कळदा तिकडे पलीकडच्या आळीत, सुगंधी द्रव्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलं सापडतं.

ही युक्ती कळल्यापासून माझी मान ताठ झाली आहे. बायका चेहऱ्याला काय काय फासतात यात मला रस नाही. माझा रस शास्त्रात आहे. बी.एस्सी.ला माझं केमिस्ट्री होतं. दुसरा वर्ग मिळाला, तो विद्यापीठाचा प्रश्न. पुढे सगळा जन्म बँकेच्या कर्ज विभागात गेला, त्यामुळे बारीक अक्षरांत काय लपवतात हे मला सांगायला नको. तर ही विद्या आता रात्री अंथरुणात मोबाइल नाकाला लावून कामी येते, असं मी घरात सांगत असते. नवरा म्हणतो, "मग वाच ना नुसतं. लावतेस कशाला?" या माणसाला प्रायोगिक शास्त्राची जाण नाही.

कोरियन लोकांचं मात्र मला कौतुक आहे. २००८ सालापासून तिथे प्रसाधनांवर सगळेच्या सगळे घटक छापावे लागतात, आणि ते घटक फोडून दाखवणारी ॲप मोबाइलवर उघडून तिथल्या मुली खरेदी करतात. सरकारही काटेकोर. 'सुरकुत्यांवर उपयुक्त' असं म्हणवून घ्यायचं तर ॲडेनोसीन ०.०४ टक्के लागतं. शून्य पूर्णांक शून्य चार! एवढंसं पुरतं म्हटल्यावर पलीकडच्या आळीतले सगळेच काही फुकटे नव्हेत. हे वाचलं त्या रात्री माझ्या सिद्धान्तालाच सुरकुती पडली.

आता कोणी म्हणेल, त्यात काय, हे सगळं आपल्याकडे होतंच. होतं ना. मादागास्करहून आणल्याचं बाटलीवर ठासून सांगतात ती सेंटेला म्हणजे ओलाव्याच्या जागी माजणारा आपला कारिवणा. आणि तांदळाचं पाणी म्हणजे तांदळाचं धुवण. ते आपण पिढ्यान् पिढ्या म्हशीला पाजत आलो. म्हशीची कांती बघा.

पण मला सांगायचंय ते मगवर्ट या वनस्पतीबद्दल. कोरियात त्याला 'सुक' म्हणतात. त्याच्या अर्काचं एक इसेन्स घ्यावं की नाही, एवढंच ठरवायला मी बसले होते, आणि घटक शोधता शोधता थेट तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथापाशी पोचले. इर्यॉन नावाच्या बौद्ध भिक्षूने तो रचला. त्यात कोरियाच्या जन्माची कथा आहे. स्वर्गाच्या अधिपतीचा मुलगा ह्वानुंग पृथ्वीवर उतरला. तिथे एका गुहेत एक अस्वल आणि एक वाघ शेजारी शेजारी राहत होते. दोघांनी त्याच्यामागे धोशा लावला: आम्हाला माणूस कर. त्याने त्यांना सुकची एक जुडी आणि लसणाच्या वीस पाकळ्या दिल्या आणि सांगितलं, एवढं खा आणि शंभर दिवस सूर्यप्रकाश बघू नका.

मी मोबाइल छातीवर ठेवून उठून बसले. वनस्पतीजन्य घटक आहे, लसूण आहे, आणि सूर्यापासून संपूर्ण संरक्षण आहे! आजचे त्वचातज्ज्ञ याहून वेगळं काय सांगतात? उलट गुहेवर माझा जास्त विश्वास. 'एसपीएफ ५०' छापलेलं एक नावाजलेलं कोरियन सनस्क्रीन २०२० मध्ये युरोपात तपासलं तेव्हा ते १९च्या आसपास भरलं होतं. गुहेत असली भानगड नाही. शिवाय ती बोटाच्या दोन पेरांएवढी घ्यावी की दोन बोटं भरून, हा वाद नाही, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही. प्रश्न फक्त लसणाचा. वीस पाकळ्या शंभर दिवस, दोघांत. आमच्याकडे एका ठेच्यात तेवढ्या जातात. म्हणजे हाही घटक पलीकडच्या आळीतलाच, पण देवाच्या मुलाला कोण विचारणार?

वाघाला ते झेपलं नाही. तो निघून गेला. वाघाबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे. लोक त्याला अधीर म्हणतात. मी म्हणते त्याला गरज काय होती? अंगावर पट्टे असलेल्या प्राण्याला 'एकसमान रंग' कोणी आणि का शिकवावा? अस्वल मात्र चिकाटीचं. ते गुहेत बसून राहिलं आणि एकविसाव्या दिवशी बाई होऊन बाहेर आलं. शंभर दिवस लागलेच नाहीत. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात म्हणून बाटल्यांवर 'चार आठवड्यांत फरक' असं लिहितात. अस्वलाला तीनच पुरले, तेही केसांसकट. सुक हे आपल्या दवण्याच्याच कुळातलं आहे, दोन्ही आर्टेमिसिया. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर लोक दवण्याच्या जुड्या वाहतात तेव्हा तिथे किती अस्वलांचं कल्याण होऊ शकलं असतं, या विचाराने मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आणि मग पुढचं वाक्य वाचलं. बाई झालेल्या अस्वलाला नवरा मिळेना. एवढं सगळं करून, गुहेत बसून, लसूण खाऊन, स्थळच नाही! ती रोज देवतरूखाली जाऊन मूल होऊ दे म्हणून प्रार्थना करायची. शेवटी ह्वानुंगनेच माणसाचं रूप घेऊन तिच्याशी लग्न केलं आणि त्यांचा मुलगा दानगुन कोरियाचा मूळपुरुष ठरला. शेवट गोड, पण मधल्या त्या वाक्याशी मी अडकले ती अडकलेच.

कारण मी पण बसलेय तशी गुहेत. आमच्या घरी एक ट्यूब होती. ती गोरेपणाची क्रीम १९७५ साली आपल्या बाजारात आली आणि २०२० साली तिच्या नावातून गोरेपणा काढून टाकण्यात आला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ती कोणाच्या घरी नव्हती? तिच्यात नायसिनामाइड असायचं, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप. आज कोरियात तेच २ ते ५ टक्के असलं की 'त्वचा उजळवणारं' म्हणून सरकारमान्य होतं. बघायला माणसं यायची असली की महिनाभर आधी मावशी ती ट्यूब माझ्या हातात द्यायची. दुपारी बाहेर पडायची बंदी. आणि पाहुणे गेल्यावर निरोप यायचा: मुलगी हुशार आहे, नोकरी चांगली आहे, नाकीडोळी नीटस आहे, पण. मला आता बहुतेक गोष्टींवर हसता येतं. यावर अजून येत नाही. ट्यूबवर घटक छापलेले होते का, आठवत नाही. वाचले मात्र कोणीच नव्हते.

आणि तरीही मी ५ टक्क्यांचं सीरम मागवलं आहे. डाग कमी व्हावेत म्हणून, उजळावं म्हणून नव्हे. हा फरक मला रोज रात्री आरशापुढे स्वतःला नव्याने समजावून द्यावा लागतो.

माझ्या कसोटीला शंभर नंबरी उतरलेली बाटली एकच निघाली. तिच्या यादीत पहिला मान पाण्याचासुद्धा नाही. पहिलाच घटक गोगलगाईचा स्राव, गाळलेला, ९६ टक्के. फिनॉक्सीइथेनॉल अगदी शेवटी, म्हणजे पलीकडच्या आळीत कोणीच नाही. इतका प्रामाणिक कागद मी कर्ज विभागात कधी पाहिला नाही. हजाराच्या वर पैसे मोजून मी ती घेतली. हातावर घेतलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते, आणि तळवा गालावरून उचलला की तार सोबत उठते. श्रावणात लावावं का, हा प्रश्न घरात निघाला होता. गाळलेलं आहे, असं मी सांगितलं.

हे मोठ्या उत्साहात लातूरकडच्या मामीला फोनवर सांगितलं आणि तिकडे एकदम शांतता झाली.

२०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीन खाल्लं होतं. कोंब दोन पानांवर आला की रात्रीत फस्त. मामीने दुबार पेरणी केली, तीही गेली. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकायची आणि उजाडायच्या आत जाऊन त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम बायकांचं. ओढणीने तोंड बांधून, वाकून. तो चिकटा पाण्याने निघत नाही. मामी राखेने हात घासायची तरी बोटांना बोटं चिकटायची, भाकरी थापताना पीठ ओढलं जायचं. भरपाईसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. पंचनाम्याला माणसं आली तोवर मामीने तिसऱ्यांदा पेरलं होतं आणि रान हिरवं दिसत होतं. माझा टक्क्यांचा अभ्यास दांडगा, पण तेव्हा मी तिला फक्त अर्ज कुठे करायचा ते सांगितलं होतं.

"काय म्हणालीस, तोंडाला?" मामीने बऱ्याच वेळाने विचारलं.

"हो. नुसता स्राव. गाळलेला."

"आन् माणसं पैसे देऊन घ्यायलेत?"

"कोरियातली. म्हणजे इथली पण."

"चिकट लागंना का?"

"लागतं गं थोडं. मग मुरतं."

"मुरतं व्हय," मामी म्हणाली. मग तिने मामाला हाक मारून सगळं सविस्तर सांगितलं, फोन कानालाच ठेवून, आणि मला तिकडून मामाचं खोकत खोकत हसणं ऐकू आलं. "मामा म्हणायलेत," ती परत आली, "पुढच्या मृगाला ये म्हणावं. पोतं भरून देतो. तुला लागंल तेवढं लाव, उरलंल तिकडं वीक. आन् येताना ते उन्हाचं काय असतंय ना तुझं, ते एक घेऊन ये मला. नाकाला लई भाजायलंय."

मी तिच्यासाठी सनस्क्रीन शोधतेय. चौदा टॅब उघडे आहेत, आणि एकावरही घाम पुसताना ते डोळ्यांत गेलं तर काय होतं, हे नीट लिहिलेलं नाही.