चार्जरवरची वामकुक्षी
दुपारी एक ते चार झोपणं ही पुण्याची मिरासदारी. पण इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या लॅपटॉपांचं वायफाय दिवसभर डुलक्या काढतं. व्हिडिओ कॉलवर नात ‘आजोबा’ म्हणते आणि ‘आ’ वासूनच थिजते. शिव्या खातो नेटवाला. गुन्हेगार बहुधा वायफायच्या ड्रायव्हरमधली वीजबचत. नियम असा: चिपनं झोपावं, राउटरनं तिचे निरोप सांभाळावेत आणि साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येणाऱ्या त्याच्या हाकेला, म्हणजे बीकनला, तिनं जागं व्हावं. काही ड्रायव्हर झोपवतात चोख, उठवायचं मात्र विसरतात. आणि हा सगळा खटाटोप बॅटरी वाचवण्यासाठी. लॅपटॉप बाराही महिने चार्जरला टांगलेला! लिनक्सवर ‘पॉवर सेव्ह’ बंद करा, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधली वीजबचतीची खूण काढा. नेटवाल्याचा उद्धार त्यानंतर.