आवृत्ती पहिली, प्रत एक

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. देशातला सगळ्यात मोलाचा कागद जिथे छापला जातो, त्याच गावात दमडीही न मिळवणारं पुस्तक छापून घेण्याचा मान माझा. पुस्तक म्हणजे भा. रा. भागवतांच्या बन्या ऊर्फ फास्टर फेणेवरची फॅन फिक्शन. बन्या आता साठीला आलाय, गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन राहिलाय आणि अजूनही सायकलवरून चोरांच्या मागे लागतोय. फक्त ‘ट्टॉक’ हा आवाज आता तोंडातून येत नाही, गुडघ्यातून येतो.

विकायचं नाही, हे आधीच ठरलेलं. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ संपेपर्यंत बन्यावर माझी सत्ता नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम खासगी वापराला जरा मोकळीक देतं. तेवढ्या फटीतून मी मराठी साहित्यात शिरले.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या बाइंडरने गठ्ठा हातात घेतला. “थिसिस का, ताई? मुक्त विद्यापीठ?” मी नाही म्हटलं नाही. नुसती मान ताठ केली. पण “गाइडचं नाव कुठं टाकायचं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं हा त्याचा ठरलेला माल. मी मरून मागितलं, आणि वर जुजबंदी. सोळा पानांचा एकेक फर्मा दुमडायचा, घडीवर आरीने भोकं पाडायची, दोऱ्याने एक फर्मा पुढच्याला शिवत जायचं, मग पाठीला खळ आणि कापड. असं पुस्तक पालथं न पाडताही पूर्ण उघडतं. “गम मारून देतो ना, अर्ध्या तासात!” गमच्या पुस्तकांना दोन उन्हाळ्यांत पानगळ लागते, असं मी त्याला ऐकवलं. हे पुस्तक दोन उन्हाळे वाचणार कोण, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. पण भल्या माणसाने खळ शिजवली. कसर लागू नये म्हणून मोरचूदही घातलं.

फर्म्याच्या हिशेबात शेवटी तीन पानं कोरी राहत होती. कोरं पान मला बघवत नाही. तिथे ‘लेखिकेविषयी’ आलं. अख्ख्या कादंबरीत सर्वांत जास्त संस्कार त्या तीन पानांवर झालेत. पाठीवर बन्याचं नाव बारीक, माझं ठसठशीत.

फॅन फिक्शनवर हसणाऱ्यांपुढे मी कवी मोरोपंतांना उभं करते. दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याचं कथानक, आणि पंतांनी रामायणं लिहिली म्हणे एकशे आठ! त्यातलं एक निरोष्ठ. ओठाला ओठ लागेल असं अक्षरच घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता बघा, ‘म’ गेला म्हणजे रामच गेला. लक्ष्मण गेला, मारुती गेला. ‘भ’बरोबर भरत गेला. सीता राहिली, दशरथ राहिला. आमची पंचवटी गेली, नाशिक चालतं. शूर्पणखा गेली, नाक मात्र शाबूत! ज्या रामायणात राम म्हणायची सोय नाही, ते रचण्याची उमेद फक्त निस्सीम चाहत्यालाच होते. मी तर नुसते गुडघे वाजवले.

पण लोक विचारतात काय? “प्रकाशन कुणाचं? किती प्रती काढल्या? ऑनलाइन मिळतं का?” एकच प्रत, विक्रीला नाही, म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम आजाऱ्याशी बोलावं तसा हळुवार होतो. आपल्याकडे चकलीसुद्धा कुरकुरीत झाली की पहिली दाद येते, “ऑर्डरी का घेत नाही?” हौसेने केलेली गोष्ट विकली गेली नाही तर ती वाया गेली, हा हिशेब मला खरोखर चीड आणतो. शाळेत आम्ही हस्तलिखित काढायचो. त्याचीही एकच प्रत असायची. ती वर्गभर फिरून मळायची, आणि खप किती, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

लहानपणी वाचनालयातून आणलेल्या फास्टर फेणेचं शेवटचं पान फाटलेलं होतं. आतल्या पुठ्ठ्यावर कुणीतरी पेन्सिलीने शेवट लिहून ठेवला होता, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पुढच्याची झोप उडू नये एवढ्यासाठी. नाव नव्हतं खाली. पुढे खरा शेवट वाचला. मला तो पेन्सिलीचाच जास्त आवडतो. त्या पोराने ‘लेखकाविषयी’ लिहिलं नाही, एवढाच आमच्यातला फरक.

तेव्हा कादंबरी वाचायची असेल तर घरी या. पुस्तक बाहेर दिलं जात नाही. चहा मिळेल. शेवटची तीन पानं मी समोर बसून वाचून घेते, तेवढी तयारी ठेवा.