मिररपंत

मिररपंतांचा सर्व्हर अजून सुरू व्हायचा आहे. कधी होणार, असं त्यांना विचारू नये. विचारलंत तर ते आत बोलावतात, पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढतात आणि म्हणतात, "आता बघा हं." चार चौकोन म्हणजे चार डिस्क. चौकोन पडले की संध्याकाळ गेली म्हणून समजावं.

आमच्या सोसायटीतले पंत बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले आहेत. तुमच्याकडचे कदाचित पस्तिशीचे असतील आणि हिंजवडीला जात असतील. लक्षणं तीच. घरातले फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं धरून पंतांचा सगळा ऐवज तीनशे जीबीही भरत नाही. तो ठेवायला त्यांनी ४ टीबीच्या चार डिस्क आणल्या. त्या आजही सीलबंद चंदेरी पिशव्यांत, कपाटात, गोधड्यांखाली आहेत. काम करते आहे ती फक्त वॉरंटी. ती मात्र रोज सरते आहे.

ही खरेदी मी डोळ्यांनी पाहिली. मुंबईत काही कामासाठी गेलो होतो, पंत बरोबर होते, आणि लॅमिंग्टन रोडवरून ते सरळ पुढे जातील हे शक्यच नव्हतं. दुकानदाराने एकाच खोक्यातून चार डिस्क काढून काउंटरवर मांडल्या. पंतांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक डिस्क नाकापर्यंत नेली, लेबलवरची बारीक तारीख वाचली आणि चारही परत सरकवल्या.

"एकाच महिन्याच्या आहेत. सगोत्र चालणार नाही."

"काका," दुकानदार म्हणाला, "डिस्क घेताय की स्थळ बघताय?"

मागचं गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. पण पंतांची भीती अगदीच हवेतली नव्हती. एकाच लॉटच्या डिस्कमध्ये एकच खोट असू शकते. एकाच पेटीत, एकाच उन्हाळ्यात, सारखंच काम करून त्या जवळपास एकाच वेळी दगा देऊ शकतात. पहिली गेल्यावर तिच्या जागी नवी बसवून तिच्यावर माहिती पुन्हा उभी करायला तासन्‌तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्यांवर सगळा ताण असतो. त्यातच दुसरी गेली, तर दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारा तो आरसा कितीही पुसा, आत काही दिसायचं नाही. शेवटी दोन तिथे, एक समोरच्या दुकानात आणि एक पुण्यात अशी ती खरेदी पार पडली. दुकानदाराने पंतांना बिल देताना हात जोडले.

त्यानंतर प्रश्न आला मांडणीचा. इथे पंत १९८८ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 'रेड'चा शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ लहान डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि एखादी गेली तरी काम अडू नये, अशी ती कल्पना. पंत हे असं सांगतात, जणू त्या तिघांना चहा यांनीच नेऊन दिला होता.

रेड ५ लावलं तर चार डिस्कमधून १२ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. पंतांनी ते नाकारलं. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात अनेकदा लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एखादा वाचता न येण्याची शक्यता आहे. एवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. आता चारातली एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिन्ही, म्हणजे १२ टीबी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला हव्यात. "अर्ध्या टीबीवर जीव टांगलाय!" असं म्हणून पंत पेन्सिल खाली ठेवतात. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क त्या छापील आकड्यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात. पण हे पंतांना सांगण्यात अर्थ नाही, छापील ते छापील.

रेड ६ मध्ये ८ टीबी मिळतात आणि कुठल्याही दोन डिस्क गेलेल्या चालतात. दोन-दोनच्या आरसा जोड्या केल्या तरी ८ टीबीच मिळतात, कामही चपळ होतं, आणि इथेही दोन गेलेल्या चालतात, पण त्या एकाच जोडीतल्या असता कामा नयेत. या 'पण'वर पंतांचा एक अख्खा चातुर्मास गेला.

मग फाइलसिस्टिम. लिनक्सचा साधा आरसा करून वर ईएक्सटी४ टाकावी, हा सरळमार्गी माणसाचा उपाय. एक्सएफएस पंतांनी बाद केली, कारण ती वाढवता येते, आकसवता येत नाही. तीनशे जीबीवाल्या माणसाला ८ टीबी आकसवायची चिंता! पण साध्या आरशातली एक उणीव त्यांनी बरोबर हेरली. दोन डिस्कवरच्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तर खरी कोणती हे त्या आरशाला कळत नाही. झेडएफएसला कळतं, कारण ती प्रत्येक तुकड्याची चेकसम वेगळी नोंदून ठेवते. वाचताना पडताळते, आणि चुकलेली प्रत दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. त्या रात्री पंतांनी झेडएफएस पक्की केली. वहिनींनी शिरा केला.

शिरा संपायच्या आत प्रकरण फिरलं. झेडएफएस मूळ सन कंपनीची, २००५ मध्ये खुली झालेली. पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नाही म्हणून ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नाही, वेगळी बसवावी लागते. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. झेडएफएस वापरू नका, असं खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २०२० मध्ये म्हणून गेले आहेत, हे पंतांच्या वाचनात आलं. झालं! मग दुसरी फाइलसिस्टिम, बीटीआरएफएस. ती कर्नलमध्ये २००९ पासून आहे आणि तिचा साधा आरसा चांगला चालतो. मात्र तिचं रेड ५ भरवशाचं नाही, असं तिच्याच माहितीत लिहिलेलं. पंतांना रेड ५ लावायचं नव्हतंच. तरी तत्त्व म्हणून त्यांनी तीही नाकारली. मग चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी हवी की नको हे निघालं, त्यातून मदरबोर्ड बदलायचं निघालं, आणि २०२५ मध्ये ओपनझेडएफएसच्या नव्या आवृत्तीत रेडझेड या तिच्या रेडसारख्या मांडणीला एकेक डिस्क वाढवायची सोय आली तेव्हा चौकोन पुन्हा पहिल्यापासून काढावे लागले.

मला वाटतं, दोष डिस्कचा नाही, बँकेचा आहे. पस्तीस वर्षं पंतांनी सर्व्हर सांभाळले, पण निवडला एकही नाही. निविदा वरून, तीन कोटेशनं वरून, सही वरून. आयुष्यात पहिल्यांदा निर्णय त्यांचा आहे आणि फाइल पाठवायला वर कोणी नाही. म्हणून ते ती स्वतःकडेच फिरवत बसतात.

दरम्यान पंतांचा सगळा ऐवज एका जुन्या लॅपटॉपच्या एकुलत्या एक डिस्कवर आहे. तो लॅपटॉप सुरू होताना 'कट्‌कट्' असा आवाज करतो. "रेड म्हणजे बॅकअप नव्हे," हे वाक्य पंत सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवतात, आणि ते शंभर टक्के खरं आहे. चुकून पुसलेला फोटो दोन्ही आरशांतून एकदमच पुसला जातो. चोर पेटी नेताना एक डिस्क मागे ठेवून जात नाही.

हे वाक्य मनावर घेतलं ते फक्त वहिनींनी. त्यांनी भाच्याला सांगून दोन पोर्टेबल डिस्क मागवल्या आणि लॅपटॉपवरचं सगळं दोन्हींवर उतरवून घेतलं. एक घरी असते, एक सांगलीला त्यांच्या माहेरी, आईच्या गोदरेजच्या कपाटात. दिवाळीला आणि मे महिन्यात जाताना इथली ताजी करून नेतात, तिथली परत आणतात.

परवा हे कळलं तेव्हा पंत दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "सांगलीच्या डिस्कवर फाइलसिस्टिम कोणती आहे?"

"दुकानातून आली तीच," वहिनी म्हणाल्या.

पंत आता तिचा विचार करताहेत. तुम्ही करू नका. दोन डिस्क घ्या, झेडएफएसचा आरसा लावा, महिन्यातून एकदा सगळी पडताळणी करा, आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवा. माहेर नसेल तर मित्राकडे.