चालू घडामोडींवरील गटप्रकल्प व त्याचे मनोगत : एक मार्गदर्शिका

शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षास पोहोचलेल्या विद्यार्थ्यावर जी अरिष्टे क्रमाने कोसळतात, त्यांत परीक्षेचे अरिष्ट सर्वांत सौम्य मानावे, कारण परीक्षेत मनुष्य एकटा बुडतो. गटप्रकल्पात तो आणखी चौघांसह बुडतो, आणि वर आल्यावर, बुडत असता आपणांस कोणकोणत्या जीवनमूल्यांचा लाभ झाला याचे दीडपानी मनोगत त्यास स्वहस्ते लिहून द्यावे लागते. पर्यावरणाचा विषय सर्वांस सक्तीने शिकवावा असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले, पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्पाची भर घातली. परंतु एवढ्या थोर ठिकाणांहून सुटलेला हुकूम कोल्हापूरच्या बिंदू चौकात चहा पीत बसलेल्या पाच इसमांनी तामील कसा करावा, याविषयी कोणाही अधिकारी पुरुषाने दोन ओळी लिहून ठेवल्याचे ऐकिवात नाही. ती उणीव दूर करण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम विषयाची निवड. विषय ताजा असावा, परंतु सबमिशनपूर्वी निकालात निघेल इतका ताजा नसावा. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळावे हा विषय किती तुकड्यांनी एकमेकींकडे वंशपरंपरेने सोपवला असेल याची गणती नाही. आंदोलन चालू, शिफारशी ठरलेल्या, जुन्या अहवालावर नवे मुखपृष्ठ चढवले की काम फत्ते. मात्र १८ ऑगस्ट २०२५ रोजी सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंचचे कामकाज प्रत्यक्ष रुजू झाले, आणि ज्या दिवशी वकीलवर्गाने साखर वाटली त्याच दिवशी अनेक अहवालांतील ‘शिफारशी’ हे प्रकरण समूळ बाद झाले. न्याय मिळण्यात इतकी घाई होईल याची कल्पना विद्यार्थ्यांस कोणी द्यावयास हवी होती.

नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचा विषयही दिसावयास आकर्षक. जुलै २०२५ अखेर ती जामनगरच्या वनतारा प्राणिकेंद्रात रवाना झाली आणि अवघा शिरोळ तालुका, किंबहुना अवघा जिल्हा, रस्त्यावर उतरला. परंतु संशोधकाने तटस्थ असावे असा दंडक आहे, आणि येथे गटातील तिघे मूक मोर्चात नांदणीपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पायी चाललेले, तर उरलेल्या दोघांनी निषेधार्थ वनतारा चालवणाऱ्याच उद्योगसमूहाच्या सिमकार्डाची कंपनी बदलण्याचा खटाटोप आरंभल्यामुळे प्रकल्पाच्या ग्रुपवरील पत्रव्यवहार तूर्त तहकूब. अशा गटाने तटस्थता कोठून आणावी?

कोल्हापुरी चपलेचा विषय त्यामानाने सुरक्षित. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्रादा कंपनीने तसल्याच चपला मिरवल्या तेव्हा प्रत्येक गटास एकदम स्मरण झाले की या चपलेस २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते एकट्या कोल्हापूरचे नसून महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचे आहे, हा तपशील अहवालात बारीक टायपात घालावा. तो ठळक केल्यास सीमाप्रश्न उपस्थित होतो आणि पृष्ठसंख्या आटोक्यात राहत नाही. सुभाषनगरात जाऊन कारागिराशी बोलण्याचा मोह मात्र टाळावा. तो हातातली आरी खाली न ठेवता विचारतो, “घेणार हाईसा का नुसतं इचारतायसा?” आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात दिलेले नाही.

दीर्घायुषी विषय हवा असल्यास कोल्हापूर शहराची हद्दवाढ घ्यावी. १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्यानंतर पन्नास वर्षे उलटली तरी हद्द होती तिथेच. इतके स्थिर संशोधनक्षेत्र भूगर्भशास्त्राच्याही वाट्यास क्वचितच येते.

तथापि दहांपैकी आठ गट अखेर महापुरावरच येऊन ठेपतात हा अनुभव आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही साली पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांची मजल ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि साहित्य एवढे विपुल जमले की कात्री व डिंक याखेरीज अन्य उपकरण लागू नये. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, अलमट्टी धरणाची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर जाऊ पाहणारी उंची, निळी रेषा, लाल रेषा : हे शब्द योग्य अंतराने पेरले असता अहवालास आपोआप भारदस्तपणा येतो. महापुराचा दोष अलमट्टीकडे जात नाही असे पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने म्हटले, गावोगावच्या पारावर नेमके उलट म्हणतात. गटाने दोन्ही मते शेजारी शेजारी छापून ‘यावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ असा शेरा मारावा व पुढील पानाकडे वळावे. नदीकाठच्या बांधकामांविषयी लिहिताना मात्र, गटातील कोणाच्या वडिलांचा प्लॉट पूररेषेत तर नाही ना, याची चौकशी आधी करून घ्यावी.

क्षेत्रभेट अपरिहार्य आहे. सकाळी दहाला निघण्याचे ठरवून साडेबाराला कसबा बावड्यास पोहोचावे, तेथे मिसळीचा समाचार घ्यावा, आणि ऊन फार झाल्याचे निमित्त करून बंधाऱ्यापर्यंत जाण्याची तजवीज एकट्या छायाचित्रकारावर सोपवावी. छायाचित्रात पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी यावी. ती न आल्यास काळा चष्मा घातलेला एकटा तरुण व मागे काही पाणी एवढाच पुरावा उरतो, आणि तो रंकाळा तलावाचाही असू शकतो, असे खोचक परीक्षक म्हणतो. मग प्रश्नावली. तिच्या पन्नास प्रती आपल्याच वर्गात वाटून भरून घ्याव्यात, म्हणजे शाहूपुरी व राजारामपुरी येथील नागरिकांपैकी ऐंशी टक्क्यांस महापुराचा ‘काही प्रमाणात’ त्रास झाल्याचे निष्पन्न होते आणि त्याचा रंगीत वर्तुळालेख निघतो.

कामाच्या वाटणीसंबंधी एक बाब नाजूक आहे. प्रत्येक गटात एक सभासद असा असतो की जो प्रयाग चिखलीहून किंवा आंबेवाडीहून एस. टी. ने येतो, शेवटची गाडी चुकू नये म्हणून मसलतीतून लवकर उठतो आणि फारसे बोलत नाही. त्यास सर्वानुमते सांगावे, “भावा, तू टायपिंग तेवढं बघ की.” वास्तविक पाणी उंबऱ्याशी आले की म्हशी आधी सोडायच्या की धान्याचे पोते आधी माळ्यावर चढवायचे, जनावरे मागे ठेवून नावेत बसण्यास आजोबा का तयार होत नाहीत, १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळूनही गाव जुन्या जागीच का नांदते, हे सारे त्यास तोंडपाठ असते. परंतु त्याच्या माहितीस लेखक, प्रकाशक, आवृत्ती व पृष्ठ क्रमांक नसल्यामुळे ती संदर्भसूचीत बसत नाही. सबब ती विचारू नये. शिवाय तो आपल्या वर्गातला नव्हे, दुसऱ्या तुकडीतला असल्यामुळे त्यास प्रश्नावलीही देता येत नाही.

आता मनोगत, की जे या सर्व उपद्व्यापाचे अंतिम फळ आहे. ते प्रकल्प सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवणे उत्तम; नंतर लिहावयास बसल्यास प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी आठवू लागतात व भाषेचा ओघ बिघडतो. दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले असल्यास ‘मतभिन्नतेचा आदर करावयास शिकलो’ असे लिहावे. तिघे अखेरच्या रात्रीपर्यंत फिरकले नसल्यास ‘वेळेच्या नियोजनाचे महत्त्व उमगले’. एकीनेच सारा अहवाल लिहिला असल्यास ‘संघभावना’ हा शब्द किमान दोनदा यावा, आणि त्या मुलीच्या मनोगतात तो नसल्यास गटप्रमुखाने तो तिच्याकडून घालून घ्यावा. अलीकडे चॅटजीपीटीकडून मनोगत सिद्ध करवून घेण्याचा प्रघात पडला आहे. त्यात गैर काही नाही. फक्त पाचही सभासदांच्या मनोगतांचा आरंभ ‘या प्रकल्पाने माझ्या विचारांना नवी दिशा दिली’ या एकाच वाक्याने होऊ नये, कारण एवढ्या लहान गटास एकाच वेळी एकच दिशा सापडणे संशयास्पद दिसते. ‘पूरग्रस्तांच्या वेदना जवळून अनुभवल्या’ हे वाक्य सर्वांनी घ्यावे. टायपिंग करणाराही ते निमूटपणे टाइप करतो असे आढळून आले आहे.

राहता राहिली तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, प्रवासाने थकलेले असल्यास, मुखपृष्ठ व अनुक्रमणिका पाहून समाधान पावतात. क्वचित एखादा चिकित्सक निघतो आणि पन्नास पानांची स्पायरल वही मिटून ठेवत, नेमक्या त्या न बोलणाऱ्या सभासदाकडे वळून पुसतो की त्रेचाळीस फूट म्हणजे काय. अशा वेळी गटप्रमुखाने तत्काळ हस्तक्षेप करून चौदाव्या स्लाइडवरील व्याख्या वाचून दाखवावी. विलंब झाल्यास तो सभासद सांगून मोकळा होतो, “म्हंजे सर, आमच्या गोठ्यात गुडघाभर पाणी. एकोणचाळीसलाच आम्ही म्हशी सोनतळीला हलवतोय.” त्यावर परीक्षक खुर्ची पुढे ओढून घेतात, चहा थंड होतो, आणि प्रश्नोत्तरे त्या दोघांतच चालू राहतात. उरलेल्या चौघांनी या अवकाशाचा सदुपयोग करून प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही व महाविद्यालयाचा शिक्का आहे की नाही हे पाहून घ्यावे. शिक्का नसल्यास कार्यालय साडेपाचला बंद होते.